तसली जागा नाही ना?

खांद्यासाठी मालिशला जातो असं ऑफिसात सांगितलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. काही जण लगेच स्वतःचा दुखरा अवयव दाखवायला लागतात. बाकीचे नुसतेच हसतात. शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र पहिल्या प्रकारातला. गेले तीन महिने त्याची मान डावीकडे वळत नव्हती. मागून हाक मारली की तो खुर्चीसकट फिरायचा. त्यानं नंबर मागितला, मी मोबाइल काढला, आणि तेवढ्यात त्यानं आवाज खाली आणला. "पण काय रे, तसली जागा नाही ना?"

"नाही रे" म्हटलं आणि नंबर दिला. पण ते 'तसली' डोक्यात अडकून बसलं. आपल्या भाषेत हा शब्द भलताच सोयीचा आहे. तसली बाई, तसले धंदे, तसलं काहीतरी. काहीही न उच्चारता सगळं बोलून होतं आणि बोलणाऱ्याचं तोंड स्वच्छ राहतं. त्यातून मी स्वतः एकदा तसल्या जागी जाऊन आलेलो. न कळून गेलो होतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. ते कितपत खरं आहे, ते पुढे बघू.

पाच-सहा वर्षं झाली. खांदा नुकताच धरला होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते आणि ते मी करत नव्हतो. मोबाइलवर शोधलं, जवळची जागा निवडली, फोन लावला. पलीकडच्या माणसानं एकही प्रश्न विचारला नाही. कुठे दुखतं, किती दिवस झाले, कुठल्या गोळ्या चालू आहेत, काही नाही. "या ना साहेब, केव्हाही या. सगळं मिळेल." मला ते अगत्य वाटलं.

दार आतून बंद होतं. घंटी वाजवली तर आधी वरच्या कॅमेऱ्याची मान हलली, मग दार उघडलं आणि मी आत गेल्यावर पुन्हा कडी लागली. पैसे आधी, तेही रोख. पावती मागितली तर मशीन बिघडलेलं. मग काउंटरवरच्या माणसानं बाकावर बसलेल्या तिघींकडे हनुवटीनं खूण केली आणि विचारलं, "कोण हवी?"

त्या क्षणी मला कळलं नाही असं म्हणणं लबाडीचं होईल. कळलं, आणि मी ते बाजूला सारलं. कोण मोकळी आहे असं म्हणायचं असेल त्याला, अशी मी माझी समजूत घातली. पैसे देऊन झाले होते, खांदा ठणकत होता आणि उलट फिरायला जो धीटपणा लागतो तो माझ्यात नव्हता. "कोणीही चालेल," म्हणालो. हे वाक्य आजही आठवलं की मी दुसरं काहीतरी काम काढतो.

आतल्या खोलीत टेबल नव्हतं, जमिनीवर गादी होती. हात धुवायला बेसिन नव्हतं. आलेली मुलगी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. ओटा पुसावा तसे तिचे हात पाठीवरून फिरत होते. त्यांना स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो, याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी म्हणालो, "उजवा खांदा दुखतो, तिथे जरा बघा." तिनं माझ्याकडे न बघता दाराकडे बघितलं, आणि उत्तर दाराबाहेरून आलं, पुरुषाच्या आवाजात. "काय हवंय साहेबांना?"

त्या आवाजानं मी उठलो. तिनं गैर काही केलेलं नव्हतं. पण खांद्याकडे जरा बघा, एवढ्या साध्या बोलण्याचं उत्तरही त्या मुलीचं स्वतःचं नव्हतं. शर्ट उलटसुलट चढवून मी खाली आलो. जिन्यात माझ्या मनात काय होतं? कुणी ओळखीचं बघत तर नाही ना, एवढंच. त्या मुलीचा विचार रात्री आला, अंथरुणावर पडल्यावर. मी कुणाला कळवलं नाही, काही केलं नाही.

त्यानंतर वर्षभर मालिशचं नाव काढलं नाही. खांदा मात्र स्वतःच्या गतीनं गोठत गेला. शर्टाच्या बाहीत हात घालायला बायकोची मदत लागायला लागली, तेव्हा फिजिओथेरपिस्टनं एका बाईंचा नंबर दिला. मी त्यांना बाईच म्हणतो, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. त्यांचं वागणंही थोडं तसंच आहे.

पहिल्या फोनवर मी चक्क वैतागलो. वय किती? काम बसून की उभ्यानं? हात पाठीमागे किती वर जातो? त्याच कुशीवर झोपता येतं का? मधुमेह? रक्त पातळ करायच्या गोळ्या? वर्षभरात ऑपरेशन, हाड मोडणं, लांबचा प्रवास? आज ताप आहे का? अंगावर कुठे पुरळ, जखम? कर्जाचा अर्ज भरताना सुद्धा मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. पुढे हळूहळू प्रत्येक प्रश्नाचं कारण कळत गेलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराच्या दाबानं काळेनिळे डाग पडतात, आत रक्तस्रावही होऊ शकतो. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बरगडीवर तोच दाब चालत नाही. ताप असताना मालिश करायचं नसतं. आणि फ्रोझन शोल्डरचं, म्हणजे खांदा असा गोठण्याचं, मधुमेहाशी जवळचं नातं आहे, म्हणून त्यांनी मला साखर तपासायला लावली. ती निघाली, हे ओघानं आलंच.

प्रत्यक्ष गेलो तेव्हा खोलीत उंच टेबल, चेहरा टेकायला भोक असलेली उशी, धुतलेल्या चादरींची चळत आणि बेसिन. बाईंनी आधी उभ्यानंच हात हलवून बघितला. मग म्हणाल्या, "किती कपडे काढायचे ते तुम्ही ठरवा. शर्ट काढलात तरी माझं काम होतं. मी बाहेर थांबते. पालथे झोपा, चादर ओढून घ्या आणि मला सांगा." बाहेर गेल्या. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. स्वतःच्याच खोलीचं दार वाजवून आत येणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या तासाभरात मला सगळ्यात नवल वाटलं ते त्यांच्या बोलण्याचं. मालिश म्हणजे मुकाट्यानं पडून राहायची गोष्ट, असं मी धरून चाललो होतो. पण बाई पुढचं पाऊल टाकण्याआधी ते सांगत. "आता पाठीची उजवी बाजू उघडते." तेवढीच उघडत, काम झालं की झाकत, मग पुढचं. "दाब कसा आहे? दुखणं गोड असेल तर चालू द्या, दात आवळायला लागलात तर मला सांगा." मध्येच म्हणाल्या, "खांद्याच्या पात्याच्या पोटाशी एक स्नायू असतो, तो काखेतूनच हाताला लागतो. तिथे हात घातला तर चालेल? नको असेल तर वरून जमेल तेवढं करते." मी हो म्हणालो. त्या ठिकाणी इतकं कळवळायला झालं की माझ्या तोंडून "थांबा" निघालं. हात तिथल्या तिथे थांबले. पुढे केव्हातरी मी यावर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "थांबा म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. शिकताना पहिलं हे शिकवलं आम्हाला. नाड्या, स्नायू सगळं नंतर."

त्यांच्या हातांबद्दल लिहायला हवं. आधी लांब, हलके, पाठ तापवणारे हात, मग मळणं. मालिशच्या शास्त्रात या मळण्याला 'पेट्रिसाज' म्हणतात. मूळ फ्रेंच क्रियापद कणीक मळण्याचंच. नाव परकं असलं तरी ओळख घरातली. शिकलेला हात आणि न शिकलेला हात यांतला फरक पाठीला पाचव्या मिनिटाला कळतो. पण पाठ टेकवायच्या आधी तो ओळखायचा कसा, हीच खरी अडचण, आणि ती आजची नाही.

१८९४ साली लंडनमध्ये या प्रकरणानं वैद्यकीय जगात बरीच खळबळ माजवली होती. मालिशच्या पाटीआड शरीरविक्रय चालतो, असं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं छापलं. त्या वेळी रुग्णांचं मालिश करणाऱ्या प्रशिक्षित नर्सेस होत्या. एका दमात त्यांच्याही नावापुढे प्रश्नचिन्ह लागलं. त्यांतल्या चौघींनी, रोझलिंड पॅजेट, ल्यूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर यांनी, त्याच वर्षी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची एक संस्था काढली. परीक्षा ठेवली, प्रमाणपत्र ठेवलं आणि स्वतःभोवती नियमांचं कुंपण घातलं. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायचं नाही. जाहिरात फक्त वैद्यकीय नियतकालिकांतच. रुग्णांना औषधं विकायची नाहीत. आणि पुरुषांचं सर्वसाधारण मालिश करायचं नाही. तातडीच्या किंवा शुश्रूषेच्या बाबतीत डॉक्टरांनी खास सांगितलं तरच अपवाद.

हे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्या चौघींचं कौतुक वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना थोडा रागही आला. पाटीआड धंदा चालवणारे वेगळे, तिथे जाणारे वेगळे, आणि हात बांधून घेतले कुणी, तर सरळ काम करणाऱ्यांनी. पण त्यांचा हिशेब पक्का होता. १९२० साली त्या संस्थेला शाही सनद मिळाली. १९४४ पासून ती चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी या नावानं ओळखली जाते. म्हणजे ब्रिटनमधल्या आजच्या फिजिओथेरपी व्यवसायाचा उगम, निम्मा तरी, "तसल्या नाही आहोत आम्ही" हे सिद्ध करण्यात आहे. गंमत अशी की फिजिओथेरपिस्टकडे जातो म्हटल्यावर आज कुणी हसत नाही. मसाजला जातो म्हटल्यावर हसतात. कुंपण पुढे सरकलं आणि मालिश बाहेर राहिलं.

मग परवान्यावरून ठरवावं का? भिंतीवर फ्रेम दिसली की मला बरं वाटतं, हे खरं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मसाज करायला परवाना लागतो, त्यासाठी अनेक ठिकाणी किमान ५०० तास, न्यूयॉर्कसारख्या राज्यात १००० तास शिकावं लागतं, आणि परवाना चालू आहे की रद्द झालाय ते कुणालाही तपासता येतं. जिथे अशी सोय आहे तिथे नाव घालून बघायला दोन मिनिटं लागतात आणि ती जरूर घालवावीत. भिंतीवरच्या कागदावरचं नाव आणि टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाचं नाव एकच आहे का, एवढं तरी बघावं. पण कायद्याचा कागद आणि कामाचा सरळपणा यांची गाठ दर वेळी पडतेच असं नाही. दक्षिण कोरियाचंच घ्या. तिथे मालिशचा परवाना फक्त दृष्टिहीन व्यक्तींनाच मिळतो. २००६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ही अट रद्द केली, तेव्हा अंध मालिशकर्ते रस्त्यावर आले, पुलांवर चढले, काहींनी नदीत उड्याही घेतल्या. त्यांच्या पोटाचा एकुलता एक आधार जात होता. संसदेनं त्याच वर्षी तरतूद पुन्हा आणली आणि २००८ मध्ये न्यायालयानं ती मान्य केली. त्यांची बाजू मला पटते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की त्या देशात डोळस आणि प्रामाणिक मालिशवाला कितीही शिकलेला असला तरी कायद्याच्या बाहेरच. जपानमध्ये मसाजसाठी राष्ट्रीय परीक्षा आहे, म्हणून ज्यांच्याकडे परवाना नाही ती दुकानं पाटीवर 'मसाज' न लिहिता 'रिलॅक्सेशन' वगैरे लिहितात. त्यातली सगळीच काही काळी नाहीत.

नाव मोठं असलं म्हणून निर्धास्त व्हावं, असंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या मसाज साखळीबद्दल १८० हून जास्त तक्रारी एका वृत्तसंस्थेनं उजेडात आणल्या. टेबलावर झोपलेल्या स्त्रियांना मालिश करणाऱ्यांनी नको तिथे हात लावल्याच्या. उजेड भरपूर, पावती छापील, दारावर कडी नाही, भिंतीवर परवाना. आपण ज्या खुणांवर भिस्त ठेवतो त्या सगळ्या हजर. यावर माझी बायको एवढंच म्हणाली, "तुम्हाला पुरुषांना तसली जागा म्हणजे बदनामीची भीती. आम्हाला तसली जागा म्हणजे दुसरीच भीती." मी मान हलवली. काय बोलणार होतो?

बाहेरून दिसणाऱ्या खुणांना अर्थ नाही असं मात्र नाही. काचा आतून पूर्ण रंगवलेल्या, घंटीशिवाय न उघडणारं दार, मागच्या गल्लीतून वेगळा रस्ता, मध्यरात्रीपर्यंतची वेळ, आत जाणारे फक्त पुरुष, जाहिरातीत मालिशपेक्षा मुलींचेच फोटो आणि "नवीन स्टाफ" अशी दर आठवड्याची घोषणा, दर काही महिन्यांनी बदलणारी पाटी. यातलं एखादंच असेल तर घाबरायचं कारण नाही. पडदा तर हवाच. भर उजेडात, उघड्या खिडकीशी कोण पाठ उघडी टाकेल? पण चार-पाच खुणा एकत्र दिसल्या तर पाय बाहेरच ठेवावा. आणि आत गेल्यावर काही गोष्टी वेगळ्याच रीतीनं खटकायला हव्यात. काम करणाऱ्या बायका तिथेच राहतात, कोपऱ्यात वळकट्या आणि बॅगा दिसतात. त्यांची कागदपत्रं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहेत. त्यांना विचारलेल्या प्रश्नाला भलताच कुणी उत्तर देतो. या मानवी तस्करीच्या खुणा आहेत. इथे ग्राहकाची फसवणूक हा मुद्दाच उरत नाही. अशा वेळी तिथेच उभं राहून त्या मुलीची चौकशी करणं, तिला सोडवायचा आव आणणं, याचा फटका तिलाच बसतो. बाहेर येऊन, पत्ता नीट लक्षात ठेवून, पोलिसांना किंवा तस्करीविरोधी हेल्पलाइनला कळवायचं. हे मला आज ठाऊक आहे. त्या रात्री ठाऊक नव्हतं असं म्हणून मी सुटू शकतो. पण शोधलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. मालिशची जागा शोधायला मला तेवढाच वेळ लागला होता.

बाईंकडे जायला लागून दीड वर्ष झालं असेल. त्यांचा फोन बाहेरच्या खोलीत असतो आणि आपली वेळ यायची असली की बोलणं कानावर पडतं. एकदा त्या फोनवर म्हणत होत्या, "मान, पाठ, पाय. नाही. नाही म्हणजे नाही. ठेवते." चेहरा कोरा. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. असे फोन आठवड्याला दोन-तीन तरी येतात. सुरुवात सभ्य. मग "फुल बॉडी म्हणजे सगळं ना?" मग "तुम्ही स्वतः करता का? वय काय तुमचं?" मग "एक्स्ट्रा दिलं तर?" त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक विचारता ना, जागा चांगली आहे का ते कसं ओळखायचं. माणूस चांगला आहे का, हे मला रोज फोनवर ओळखावं लागतं. चुकले तर बंद खोलीत मी एकटी असते."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. इतके दिवस मी ओळखणारा आणि त्या ओळखल्या जाणाऱ्या, असं चित्र होतं. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची पारख आहे. कुठे दुखतं असं विचारल्यावर जो गडबडतो, त्याला वेळ मिळत नाही. खऱ्या दुखणाईताला थांबवावं लागतं, इतका तो बोलतो. नवा पुरुष ग्राहक पहिल्यांदा येतो तो दिवसाच, पुढच्या खोलीत कुणीतरी असतानाच. टेबलावर कुणी हात पुढे केला, चादर सरकवली, एक चावट वाक्य टाकलं, की तिथेच काम बंद. "चला, कपडे करा." पैसे परत द्यायचे की नाही यावर त्या वाद घालत नाहीत. पहिल्या फोनवरच्या त्या लांबलचक प्रश्नांचं आणखी एक कारण मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, त्या माझा खांदा तपासताहेत.

१६ मार्च २०२१ ला अमेरिकेत अटलांटा परिसरात एका माणसानं तीन मसाज-स्पांमध्ये जाऊन गोळ्या झाडल्या. आठ माणसं गेली, त्यांतल्या सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया. ती बातमी वाचल्याबरोबर माझ्या मनात जो पहिला प्रश्न आला तो होता: कसल्या जागा होत्या त्या? तसल्या होत्या का? जणू उत्तर 'हो' असतं तर मरण थोडं कमी झालं असतं. त्या प्रश्नाला अर्थ नव्हता, तरी तो आला, आणि मला एकट्यालाच आला असेल असं वाटत नाही. 'तसली' हा शब्द आपण जागेला लावतो, पण तो चिकटतो आतल्या बाईला. गल्ला सांभाळणाऱ्याला चिकटत नाही, जिन्यावरून मान खाली घालून उतरणाऱ्या माझ्यासारख्याला तर अजिबात नाही.

आता एक वेगळीच तक्रार. कुणी नको तिथे हात लावत नाही, सगळं चकाचक, मंद सुगंध, हलकं संगीत, आणि तरीही ज्या जागेतून आपण फसून बाहेर पडतो, तिला काय म्हणायचं? बाईंची तब्येत बरी नव्हती म्हणून मी एकदा अशा ठिकाणी गेलो होतो. तिथल्या तरुणानं माझ्या पाठीला हात लावायच्या आधीच सांगितलं की शरीरात विषारी द्रव्यं साठली आहेत. दहा वेळा आलात तर निघून जातील, पॅकेज घेतलंत तर स्वस्त पडेल. विषारी द्रव्यं बाहेर टाकायला आपल्याकडे यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, त्यांना पाठ रगडून घ्यायची गरज पडत नाही. व्यायामानंतर स्नायूत साठणारं लॅक्टिक आम्ल मालिशनं निघून जातं, हीही तशीच एक लोककथा. ते आपलं आपण तास-दोन तासांत निघून जातं, तुम्ही झोपलेले असा की टीव्ही बघत असा. चरबी वितळते, उंची वाढते, गाठी विरघळतात, मान कडकन मोडली की मणका जागेवर बसतो... ऐकत राहावं. कंबरदुखीला मालिशनं काही काळापुरता आराम पडतो, इतपत म्हणायला अभ्यासांचा आधार आहे, आणि तोही फार भक्कम नाही. चांगली झोप लागते, अंग हलकं वाटतं, दुखणाऱ्या भागाची भीती कमी होते. मला तेवढं पुष्कळ आहे. जास्त कबूल करणारा मला खोटा वाटतो, त्याची चादर कितीही पांढरी असली तरी. आजार बरा करतो म्हणणाऱ्याकडे कुणी कॅन्सरची गाठ घेऊन गेलं आणि त्यात सहा महिने गेले, तर तो धंदा कुठल्या रांगेत बसवायचा? त्यावर धाड पडत नाही, म्हणून तो सभ्य?

बाईंनी मला एकदा परत पाठवलं होतं, तेव्हाची गोष्ट सांगतो. मी बसमधून चौदा तासांचा प्रवास करून आलो होतो आणि डावी पोटरी दुखत होती. जाताच म्हणालो, आज खांदा राहू दे, पोटरी बघा, चांगली दाबून द्या. त्यांनी पायजम्याचे दोन्ही पाय वर करायला सांगितले, दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघितल्या, डावीवर हाताची मागची बाजू टेकवली आणि हात काढून घेतला. एक पाय सुजलेला, थोडा गरम, आणि लांबचा प्रवास. "आज मी तुम्हाला हात लावणार नाही. आधी डॉक्टरकडे जा. आजच." आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे त्यांनी दारात उभ्या उभ्या समजावलं. पैसे घेतले नाहीत. मी कुरकुरत गेलो. सोनोग्राफीत गुठळी वगैरे काही निघाली नाही. स्नायूला ताण बसला होता, चार दिवसांत उतरला. पुढच्या वेळी मी जरा चिडवल्यासारखं म्हणालो, "उगाच घाबरवलंत." बाई चादर झटकत होत्या. "निघाली नाही, बरं झालं की," म्हणाल्या, आणि दार ओढून बाहेर गेल्या.

मित्राला हे सगळं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, नंबर मागितला होता, प्रवचन नाही. "तसली नाही" एवढ्यावरच भागवलं, आणि वर एक सांगितलं की फोनवर त्या काही विचारतील, खरं खरं सांग.

दुसऱ्या दिवशी तो खुर्चीसकट माझ्याकडे फिरला. "काय बाई आहे रे! वीस मिनिटं नुसती चौकशी. ब्लडप्रेशरच्या गोळीचं नाव विचारलं. मला कुठे पाठ असतंय? बायकोला फोन करून विचारावं लागलं."

"मग? वेळ दिली का?"

"गुरुवारची दिली. पण म्हणाली, आधी हाताला मुंग्या येतात त्याचं डॉक्टरांना दाखवून या, मगच."